कोरडी छत्री

सोमवार, ३ सप्टेंबर

ट्रंक आली! पत्र्याची, गंजलेली. आत भगिनीमंडळाच्या वह्या आणि एक मेलेलं झुरळ. चिटणीसबाई आणि हमाल, दोघांनी मिळून ती दारातून आत ढकलली. त्या धक्क्याने खुंटीवरची आमच्या हिची निळी छत्री खाली पडली. बाईंनी उचलली, झटकली, परत टांगली. काचेची असल्यासारखी!

"सर, तीन आठवड्यांत मंडळाचा इतिहास हवाय. नव्वद वर्षं, साठ पानं."

म्हटलं, साठात कसा मावेल?

"कविता घालू नका. मावेल."

चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे फळ.

ही असती तर म्हणाली असती, "घेतलंत अंगावर? आता ताट वाढून हाका मारत बसायचं मी." तीस वर्षं मंडळात होती. आठवड्यातून एकदा भेटीला जायची. कुणाकडे, ते मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "तुम्ही तुमचे निबंध तपासा."

बुधवार, ५

पहिली वही. अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चाललेली, पण मजकूर सोन्याचा! तापाची साथ आली होती. सात बायका फादरकडे गेल्या. फादर म्हणाले, मंडळ काढताय, छान, रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला स्तोत्रं गा. सातांतली एक परटीण. ती म्हणाली, "फादर, आधी आजाऱ्यांच्या चादरी धुतो. गाणं काय, धुताना होईलच."

झाली स्थापना! ना हार, ना भाषण. उकळत्या पाण्याचा एक हंडा.

वाचता वाचता वर्ग आठवला. दुपारचा तास, उन्हाच्या तिरिपेत खडूची धूळ, सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि शेवटच्या कडव्याला सुसाट सुटतोय, कारण घंटा व्हायची वेळ! या परटिणीवर कुणी कविता का केली नाही? मीच करतो. "धोपट धोपट धुणं धुताना —" अनुप्रास फक्कड. पुढची ओळ सुचेना. चहा केला.

गुरुवार, ६

आज माझा वर्ग. विद्यार्थिनी दोन: नर्सबाई (निवृत्त, बोलताना विणकाम चालू) आणि शिंपीण (पंचेचाळिशीची, जिभेला कात्रीची धार). ही गेली त्याला चार वर्षं होऊन गेली. त्यानंतरच्या दिवसांत कोण आलं, कोण गेलं, मला काही आठवत नाही. पण या दोघींनी विचारलेलं आठवतं: "सर, शाळेत कविता राहूनच गेली. शिकवाल?" तेव्हापासून एक गुरुवार चुकला नाही. मंडळाला माझी तेवढीच सेवा.

पण बुद्धी? देवा रे! आजही शिंपिणीने विचारलं, "सर, अनुप्रास म्हणजे नेमकं काय हो?" चौथं वर्ष!! पुन्हा सांगितलं. "काळ्या कपाटात कपांचा किणकिणाट" हे उदाहरण दिलं, कपाट उघडून कपही वाजवून दाखवले. दोघी खूश. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी असणार.

शनिवार, ८

वह्यांत घरांची नावं नाहीत! कुठे "फुटका आरसा", कुठे "तीन मांजरं", कुठे "उलटी खुर्ची". मला वाटलं मंडळात कुणी कवयित्री होती. चौथ्या वहीत खुलासा सापडला.

पहिल्या वर्षी चर्चमध्ये, मिस्सानंतर, मदत केलेल्या घरांची नावं मोठ्याने वाचली. चांगल्या मनानेच वाचली. दुसऱ्या दिवशी एक बाई आली, घडी केलेलं घोंगडं परटिणीच्या पायरीवर ठेवलं आणि गेली. पुन्हा चर्चला आली नाही. तेव्हापासून नेम: नाव लिहायचं नाही. उंबरा ओलांडल्यावर पहिलं जे दिसेल, तेच त्या घराचं नाव. जायचं ते जोडीने. आणि "ऐकून यावं, सांगून येऊ नये."

माझ्या घराला काय नाव पडलं असतं? "पुस्तकांचा डोंगर". किंवा सरळ "कवी"!

सोमवार, १०

दहावी वही संपली. शेवटच्या पानावर, जवळजवळ चार वर्षांपूर्वीचं, हे:

"कोरडी छत्री. पहिली भेट. भर पाऊस. दार उघडलं. बसा म्हणाले नाहीत. आम्ही बसलो."

"कोरडी छत्री. दुसरी भेट. पाणी आमचं आम्ही घेतलं. जाताना म्हणाले, दार ओढून घ्या. तेवढंच बोलले."

पुढे पान संपलं! आणि अकरावी वही ट्रंकेत नाहीच. गोष्ट ऐन रंगात आणून सांगणाऱ्याने पान खायला उठावं तसं झालं.

कोरडी छत्री. बाहेर पाऊस असून कोरडी. म्हणजे तो माणूस घराबाहेर पडतच नव्हता. दोन शब्दांत आख्खं घर! त्याच महिन्यांत मी तरी कुठे शुद्धीवर होतो म्हणा. पण मला माझा वर्ग मिळाला. त्या बिचाऱ्याला काय मिळालं? सावरला का? हे कळल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहिणार नाही. तोच माणूस हवा, नावागावासकट, बोलता चालता.

गुरुवार, १३

नोंदीतलं अक्षर नर्सबाईंचं. सरळ विचारलं, कोरडी छत्री जिवंत आहे का?

त्यांचे दोन टाके सुटले. "आहेत की. ठणठणीत."

अजून जाता?

"जातो."

आता बोलतात?

शिंपीण म्हणाली, "थांबतच नाहीत!" आणि दोघी अशा हसल्या की नर्सबाईंना डोळे पुसावे लागले. कुणाच्या दुःखावर हसणं बरं नव्हे, असं मी सुनावलं. तर आणखीच हसल्या! वर शिंपीण म्हणते, "सर, रागावू नका. ते अनुप्रासाचं तेवढं परत सांगा."

शुक्रवार, १४

चिटणीसबाईंकडे गेलो. अकरावी वही द्या.

"ती चालू वही आहे."

मी इतिहासकार आहे!

"आणि मी चिटणीस आहे. एकोणनव्वद वर्षांत कुणी नाव फोडलं नाही, सर. तुमच्या साठ पानांसाठी फोडू? तुमच्या मिसेसनी तुम्हाला एक तरी सांगितलं होतं का?"

येताना ब्रेड घ्यायचा विसरलो.

रविवार, १६

लेकीचा फोन. "पप्पा, जेवता ना?" मग म्हणे, "नर्सबाई येतात ना नेमाने?" पोरीला माझ्या विद्यार्थिनींच्या हजेरीची भारी काळजी! पटावर लाल शेरा नाही, म्हटलं.

बुधवार, १९

अकरावी वही आली! वर चिठ्ठी: "मोठ्याबाईंना विचारलं. म्हणाल्या, आता द्यायला हरकत नाही." मोठ्याबाई म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष, वय एक्याण्णव, शब्द मोजून बोलणाऱ्या. मग हा "आता" कशाला?

चष्म्याची काडी निखळलीय. उद्या सकाळी दुरुस्त करून वाचतो.

गुरुवार, २०

वाचलं. तिसरी भेट:

"कोरडी छत्री. भिंतीवरच्या शाळेच्या फोटोवरून कवितेचा विषय काढला. अनुप्रास विचारला. खुलले. चहा स्वतः केला. दर भेटीत विचारावा."

खाली जवळजवळ चार वर्षांचे गुरुवार. एकही चुकलेला नाही.

चार वाजता दोघी आल्या. बाहेर पावसाची सर सुरू झाली होती. शिंपिणीने विचारलं, "सर, अनुप्रास म्हणजे नेमकं काय?" मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, कपांसकट.

निघताना पाऊस वाढला. दोघींत एकच छत्री. मी खुंटीवरची हिची काढून नर्सबाईंपुढे धरली. त्या वहीकडे बघत होत्या. टेबलावर उघडीच होती. "सर, ही नको —"

न्या, म्हटलं. आणि परत आणताना वाळवून आणू नका.