टोळ आणि भिंगरी इथेच राहतील

प्रिय धाकट्या,

फोनवर तू ‘बरं, बघू’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहिते आहे. तू पाठवलेला वसतिगृहाचा फॉर्म मिळाला. मी तो भरलेला नाही आणि भरणारही नाही. नोकरीपायी तू खुशाल तिकडे लांब राहा, पण तुझा टोळ आणि तुझी भिंगरी त्यांच्या आत्याकडेच राहतील.

टोळाच्या कपाळाला तीन टाके पडले, हे तुला खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी लगेच कळवलं. शिवणकामात माझा जन्म गेला, टाके मलाही कळतात, चांगले पडलेत. आठवडाभर पाऊस हटत नाही, रस्त्यावर गुडघाभर पाणी, शाळा बंद. सहा आणि आठ वर्षांच्या पोरांनी काय भिंतीला पाठ लावून बसायचं? मी कापायचं टेबल कडेला सरकवलं, गाद्या जमिनीवर ओढल्या आणि खडूने फरशीवर रेघा मारल्या. लांब उडी माझ्या टेपने मोजतो. भिंगरी एकशे बारा सेंटिमीटरवर गेली आहे. चिंध्यांचे चेंडू घेऊन टेबलाखालून सरपटत जायचं आणि टोपलीत टाकायचे. गिऱ्हाइकालाही सूट नाही. परवा पोरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं माप द्यायला आल्या, त्या लंगडी घालत आत आल्या. टोळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला ती चूक माझी, कोपऱ्याला आधीच कापड गुंडाळायला हवं होतं. आता गुंडाळलं आहे. दवाखान्यातून येताना त्याने एकच विचारलं, उडी मोजली का. घड्याळजींची तक्रार मात्र रास्त होती, छत हादरलं की त्यांच्या चिमट्यातला स्क्रू उडतो. म्हणून दुपारी दोन ते चार या वेळात उड्या बंद ठेवल्या. आता चार वाजले की तेच पंच होऊन वर येतात आणि माझ्याशीच हुज्जत घालतात.

पोरांची आई गेली तेव्हा ही दोघं महिनाभर कोपऱ्यात बसून होती. तेव्हा तू म्हणालास, शहाणी आहेत. आता कुठे घर डोक्यावर घ्यायला लागली, तर तुला शिस्त आठवली!

आणि वर लिहितोस, ‘लहानपणी मी नव्हतो का तासन्‌तास एका जागी बसत?’ नव्हतास. मी तुला बांधून ठेवत होते. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, आई कामावर, आणि आवाज झाला की आपल्या दोघांनाही मार. पावसात तुला बाहेर सोडता यायचं नाही. मी अकरा वर्षांची, तू चार. जुन्या चादरीची पट्टी फाडून मी तुझा पाय पलंगाला बांधायचे. पहिल्या वर्षी तू खूप ओढाताण केलीस. दुसऱ्या वर्षी आभाळ भरून आलं की आपणहून पाय पुढे करायचास. लोक म्हणायचे, किती गुणी पोर. तुझी माफी मागायला इतकी वर्षं लावली, ती आज मागते. पण ते काम पुन्हा माझ्या हातून होणार नाही आणि तुझ्याही हातून मी होऊ देणार नाही. पोरं न्यायचीच असतील तर स्वतः ये, आणि मला दारातून बाजूला सारून ने.

तुझीच,
ताई