चेहरा तेवढा राहिलाय

२ मार्च
आज ठरवलं. जूनमधल्या दुमजेच्या सणाला थांका पुरा करून गावच्या मठात, गोम्पात टांगायचाच. हे गेल्यावर ह्यांच्या नावानं कापडावर रंगवायचं देवाचं चित्र ह्यांना पुढचा जन्म मिळण्याआधी व्हायला हवं होतं. लामांच्या हिशेबानं ती मुदत तीन वर्षांमागं सरली. पण कमळ झालंय, ढग झालेत, करुणेच्या देवाचे, अवलोकितेश्वराचे चारही हात झालेत. चेहरा शेवटी रंगवतात, तेवढाच राहिलाय. म्हणजे झालंच.

९ मार्च, पहाट
उजेड कमी. ढग पुन्हा रंगवले.

११ मार्च
सासूबाई चहा घेऊन आल्या. चित्राकडे बघत म्हणाल्या, "तो कुठंतरी जन्मून आता पळायला लागला असेल, पोरी. तुझे अजून ढगच."
चहा गार झाला.

२० मार्च
ट्रेकिंग एजन्सीच्या पासांगचा फोन. एव्हरेस्ट बेस कॅम्पला ग्रुप न्यायचाय. नाही म्हणणार होते. पण लॉजमध्ये कुणीतरी सोडून गेलेल्या पुस्तकात वाचलंय, चित्रकारानं आधी बघायला शिकावं. डोंगरात बघणंच असतं. तेव्हा हा सरावच. रंग बरोबर घेतलेत.

१ एप्रिल, गोरकशेप
रंग गोठले.

४ एप्रिल
उतरताना थोक्ल्याच्या खिंडीत मेलेल्या गिर्यारोहकांच्या आठवणीचे दगडी चौथरे लागले. ग्रुपमधल्या एका पाहुणीनं विचारलं, यात तुमचं कुणी आहे का. वाट निसरडी आहे, पुढं बघा, म्हटलं.

६ मे
घरी येऊन महिना होत आला. चेहरा आखायला बसले. मापं ठरलेली असतात, तरी नाक ह्यांचंच यायला लागलं. मग हनुवटीही. देवाला असं चालत नाही. पुसला. उद्या नक्की.

७ मे
मेअखेर निघणारा आणखी एक ग्रुप घेतला. पासांग फार अडचणीत होता. तसं तो बोलला नाही, आवाजावरून कळलं.

१२ जून, लुक्ला
पावसानं विमानं बंद. पाहुणे म्हणाले, तुम्ही घरी जा, सण आहे ना. पण त्यांना असं सोडून जाणं बरं दिसत नाही.

१७ जून, दुमजे
धापा टाकत गोम्पात पोचले. भिंतीवर अवलोकितेश्वर, चेहऱ्यासकट. सासूबाईंनी नामचेच्या बाजारातून छापील आणलेला. भोवती रेशमी किनार स्वतः शिवलेली. गावाला सांगितलंय, सुनेनं केला.
म्हातारे लामा डोळे बारीक करून बराच वेळ बघत होते. म्हणाले, काय करुणा आहे मुद्रेवर. डोंगरातली कामं सांभाळून कसं जमवलंस?
मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दिव्यात लोणी घालत होत्या.
"सवड काढावी लागते," मी म्हटलं.