घड्याळवाल्या काकांची दाढी

अहो,

ताप अजून उतरलेला नाही, तेव्हा उठू नका. सूप झाकून ठेवलंय. घड्याळवाल्या काकांची दाढी करायला आज मीच पलीकडे जातेय. त्यांचे हात चालत नाहीत म्हणून तुम्ही रोज जाता, हे मला कळतं. पण भिंतीतून तुमचा तो मऊ आवाज येतो, “दुखलं का, काका?”, की माझा नुसता जळफळाट होतो. माझी कधी अशी चौकशी केलीत? विचारलं की म्हणता, प्रभू येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. अहो, बावीस वर्षं तुमच्या शेजारी मीच झोपतेय.

वस्तरा नेलाय. दुखलं का, असं काकांना मी विचारीन. घरी आले की मला तुम्ही विचारा.