मामाचा खांदा

२ मे, शुक्रवार
भाच्याची, सार्थकची हळद सोळाला. आमच्यात हळदीला मामानं नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचवायचं असतं. भावोजी गेले तेव्हा पोरगा पाच वर्षांचा, जत्रेत माझ्याच खांद्यावर असायचा. तेव्हाच गोदूला शब्द दिलाय, हळदीलाही मीच उचलणार. आज ती म्हणते, दादा, तुझ्यानं न्हाय व्हायचं, अठ्ठ्याऐंशी किलो हाय तो, शैलेशला उचलू दे. शैलेश म्हणजे आमचा चुलतभाऊ, जिमवाला. सख्खी बहीण असं बोलते! उद्यापासून रोज शंभर बैठका.

३ मे, सकाळी ६
अकरा झाल्या. सुरुवात चांगली.

४ मे
पाय का थरथरतात, ऋतिकाला विचारलं. मुलगी फिजिओथेरपी शिकते, फी वसूल व्हायला हवी. म्हणाली, मेंदूचा हुकूम करंट होऊन नसेतून येतो. पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट. नस त्या फटीत केमिकल सोडते, ते पलीकडे पोचलं की स्नायूतले धागे एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखडतो.
म्हणजे आपल्या राहनाळच्या गोडाऊनसारखंच! ट्रक फलाटाला लागतो, मधल्या फटीवरून माल आत. मी नुसता हुकूम देतो. पुढे ती स्नायूंबद्दल काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात फोन आला.

५ मे
बैठका बंद. हुकूम देण्यात माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. केबिनमध्ये खुर्चीत बसून मांड्यांना शंभर वेळा 'उठा' म्हटलं. दमलो. म्हणजे लागू पडतंय.

१० मे
पंचवीस किलोची तांदळाची गोणी उचलली गेली नाही. मन लावून हुकूम दिलाच नव्हता.

१३ मे, दुपारी
झोपेत पोटरीत पेटका. मी हुकूम दिला नव्हता! साहेबाला न विचारता ओव्हरटाइम. गोदू फोनवर पुन्हा शैलेशचं नाव घेत होती. शब्द म्हणजे शब्द, सांगून टाकलं.

१७ मे, सकाळी
लिहावंसं वाटत नाही.
काल बँजो जोरात. मी उकिडवा बसलो, सार्थक खांद्यावर बसला. हुकूम दिला. पुन्हा दिला. मांड्या थरथरल्या आणि मी सगळ्या गावासमोर जमिनीवर बसलो. बावन्न वर्षं ज्यांना मटण-भाकरी घातली, त्यांनी ऐन वेळी दगा दिला.
उठता येईना. मग सार्थकनंच मला उचलून खांद्यावर घेतलं आणि नाचला. बँजोवाले थांबले नाहीत. लोकांना वाटलं, नवीन पद्धत. वरून गोदू दिसली. हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. माझेही भरले. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं.
ऋतिका म्हणाली, पप्पा, हुकूम सगळे पोचले होते, उचलायला आत स्नायूच नव्हते, त्या दिवशी तेच सांगत होते.
शैलेशनं व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलाय.
आज लग्न. गोदू म्हणाली, दादा, तू निस्त्या अक्षता टाक. घरी टाकून पाहिल्या. हात खांद्याच्या वर जात नाही.