फटका बसलेले चेंडू

अण्णा, तुमची नात इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, बेसबॉल खेळते. ती पिचर आहे, म्हणजे आपल्याकडचा बोलर, आणि तिच्या टीमची वही मी लिहितो. हसू नका. मिरजेच्या क्रिकेट क्लबात तुम्ही स्कोअरर होतात, त्या जोरावर मीच हात वर केला.

पिचरचा प्रत्येक चेंडू टिपायचा: स्ट्राइक की बॉल, म्हणजे नीट की भरकटलेला. शेकडा किती नीट, ती अचूकता. एका इनिंगला किती कमी चेंडू लागले, ती काटकसर. महिनाभरात हिची अचूकता टीममध्ये सगळ्यांत खाली गेली. कोच म्हणाला, हिला पिचर ठेवायचं की नाही ते शनिवारी वही बघून ठरवू. शुक्रवारी मी किचनमध्ये खोडरबर घेऊन बसलो होतो, खरं सांगतो. पण तुम्ही आठवलात. मी बारा वर्षांचा, माझे नऊ वाइड, आणि तुम्ही ते नऊच लिहिलेत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एखादा कमी लिहिला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "वही कुणाची नातेवाईक नसते." मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नव्हतो. खोडरबर परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

शनिवारी कोच वही बघतो आणि कपाळाला आठ्या घालतो. इनिंगला चेंडू इतके कमी, आणि स्ट्राइकही कमी, हे जमतं कसं? फटका बसलेले चेंडू कुठे लिहिलेत, असं त्याने विचारलं. भरकटलेल्यांत, मी म्हणालो. बॅट्समनने मारला म्हणजे चेंडू वाईटच की. पोरीने डोक्याला हात लावला. "बाबा, सीरियसली? बॅट लागली की तो स्ट्राइकच काउंट होतो." हिचे चेंडू मारून समोरचे झटपट कॅच देत होते, आणि माझं क्रिकेटवालं डोकं ते सगळे हिच्याच चुकांत घालत होतं. मी बेरीज परत केली, तीनदा केली. ती टीममध्ये दुसरी आली, पिचर राहिली. इतकं हलकं वाटलं, की गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. "बाबा, आर यू ओके?" तिने विचारलं.

हे तुमच्या त्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर लिहितोय, तेव्हा पाठवायचा प्रश्न नाही. त्या अबोल्याच्या आठवड्यात मी यातला एक वाइड पुसला होता. तुम्ही गेल्यावर वही माझ्याकडे आली, तेव्हा ते पान पहिल्यांदा उघडलं. पुसल्याची खूण तशीच आहे, आणि खालची नवाची बेरीज खोडून तुमच्या अक्षरात आठ लिहिलंय. मला तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. पोरीला ही गोष्ट सांगताना मी अजून नऊच सांगतो.