कमरेच्या मापाचे ओटे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ साथ देते तेवढा). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला अजून त्यांच्याआधी घरात शिरतो का? इकडची खुशाली विचारू नकोस. तुझी लेक, म्हणजे माझी भाची आणि आमच्या बांधकाम कंपनीतली एकुलती एक आर्किटेक्ट, नऊ दिवस कामावर आलेली नाही. माझा फोन उचलत नाही. ती परत यावी म्हणून हे पत्र. दोष कुणाचा ते आधीच सांगतो : माझ्या कमरेचा.

मी गवंडी होतो तेव्हा पहिल्याच इमारतीत स्वयंपाकाच्या ओट्याची उंची ठरवायला टेप सापडेना. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पट्ट्याच्या बक्कलापाशी खूण केली. (आपल्या घरात उंची सगळी माझ्या वाट्याला आली, अक्कल तुझ्या.) तेव्हापासून तीनशे घरांचे ओटे त्याच मापाचे. तक्रार कुणाचीच नाही. म्हणजे बायका घर बघायला येत, ओट्याशी उभ्या राहत, नवऱ्याच्या कानाशी काही पुटपुटत. आणि नवरा मला विचारी, पार्किंग किती? थापीच्या आवाजावरून मालात सिमेंट कमी पडलंय हे ओळखणारे माझे कान, पण ते पुटपुटणं कधी ऐकू आलं नाही.

तुझी लेक टेप घेऊन घरोघर हिंडली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या एका कमरेपायी तीनशे जणींचे खांदे कामातून गेलेत." नव्या वसाहतीच्या नकाशात तिने ओटे खाली आणले, पोरं खेळताना दिसावीत म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या मैदानाकडे वळवल्या, आणि फाटकापासून बसथांब्यापर्यंत दिव्यांचा सरळ रस्ता काढला, कामावरून परतणाऱ्या बायका म्हणे अंधाराच्या धाकाने लांबचा वळसा घालतात. मीटिंगमध्ये आमचे इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, वसाहत आखताय की माहेर?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. तिने नकाशा टेबलावरच ठेवला, "हसून झालं की बघा" म्हणाली आणि गेली.

ताई, आमच्या हिला जाऊन चार वर्षं झाली. आमच्या ओट्याशी ती दोन विटांवर उभी राहून स्वयंपाक करायची. बिल्डरची बायको! "उचल त्या, ठेच लागेल," असं मीच एकदा ओरडलो. मग मी कामावर गेलो की ती त्या परत मांडायची. हे मला तुझ्या लेकीनेच सांगितलं होतं, मीटिंगच्या आदल्या दिवशी. तरी मी हसलो.

तिला सांग, नकाशा मंजूर केलाय, एक रेघही न बदलता.

तुझा,
भाऊ

ता. क. : पत्र लिहून झाल्यावर तिच्या टेबलाचा खण उघडला. आत राजीनामा. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे मी हसलो ते काही पहिल्यांदा नव्हे. 'परत ये' असं तिला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. : मिस्त्री म्हणतो, तिने स्वतःचं ऑफिस थाटलंय, पहिलं कामही मिळालंय. (तू मला हे कळवलं नाहीस ते बरोबरच केलंस.) आजवर लोक पोराबाळांसाठी माझ्याकडे शब्द टाकत. तू तिच्याकडे माझ्यासाठी टाक. तिला कंत्राटदार लागेलच. मामा म्हणून नको म्हणाली, तर इतरांसारखं टेंडर भरतो. ती काय म्हणेल ते जसंच्या तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून गोड करू नकोस.