गॅलरीतली बत्तीस पावले

करी रोड, मुंबई
दि. ९ फेब्रुवारी

ती. दाजी यांस,

भिवाचा सविनय जयभीम. आमच्याकडे सर्व कुशल आहे. तुमची व रखमाआक्काची प्रकृती उत्तम असावी, अशी कामना करतो. (तुमच्या खुब्याचे ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, हे मला ठाऊक आहे, परंतु वडीलधाऱ्या माणसास पहिल्याच परिच्छेदात दुखण्याविषयी विचारणे मला प्रशस्त वाटत नाही. सबब, माझ्याच खुब्याची हकिकत कळवितो.)

गेल्या नोव्हेंबरात भिंतीवरील घड्याळास सेल घालण्याकरिता मी स्टुलावर चढलो आणि सेल न घालताच खाली आलो. डॉक्टरांनी हाडात सळई घालून घरी पाठविले. घरी सूनबाई प्रिती हिने एक खुर्ची आणून ठेवली होती. बैठकीस मध्यभागी भोक व खाली भांडे. दाजी, आमची खोली दहा बाय बाराची, तिच्यात आम्ही पाचजण जेवतो. ज्या खोलीत मनुष्य जेवतो तेथे त्याने इतर काही करू नये, एवढे चौथीपर्यंतच्या शिक्षणानेही कळते. संडास गॅलरीच्या टोकाला, आमच्या दारापासून बत्तीस पावलांवर आहे. (त्यांतील एकात कमोड बसविला आहे, म्हणून डॉक्टरांची हरकत नव्हती.) तेथवर स्वतःच्या पायांनी जाईन तरच मी माणसांत आहे, असे मी घरात जाहीर केले. आमची बायको कमळा म्हणाली, "जा की. धरलंय कोणी?" माझा पाय जमिनीस टेकत नाही, हे तिला समोर दिसत होते.

पुढे फिजिओथेरपिस्ट सुचित्रा मॅडम येऊ लागल्या. वय असेल सव्वीस. मालिश करणाऱ्या बाई येणार अशा समजुतीने कमळाने खोबरेल कोमट करून ठेवले होते, व मी लुंगी गुडघ्यावर घेऊन डोळे मिटले होते. मॅडम म्हणाल्या, "आजी, तेल भाजीला ठेवा. आणि आजोबा, डोळे उघडा. काम तुम्हालाच करायचंय." काम मीच करावयाचे तर यांचे काय काम? (हे मी त्यांस विचारले.) त्या म्हणाल्या, "हाड डॉक्टरांनी जोडलं. पाय घाबरलाय, त्याचं मी बघते." दाजी, मिलमध्ये फिटर साचा, म्हणजे कापडाचा माग, बसवून निघून जाई; तो चालवायचा कसा, हे नव्या माणसास जॉबर शिकवी. मी अठरा वर्षे जॉबर होतो. या बाई जॉबर आहेत हे तत्काळ ध्यानी आले. मी नवा माणूस आहे, हे पचण्यास वेळ लागला.

त्यांनी टाच गादीवरून सरकवीत गुडघा वाकविण्यास सांगितले. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. दहा ही बालवाडीची संख्या झाली. मी शंभर केले. तिसऱ्या दिवशी मांडी सुजली. मॅडमनी विचारले, "आजोबा, किती वेळा केलंत?" मी म्हणालो, "दहा." आयुष्यात खोटे फारसे बोललो नाही, त्यामुळे सराव नव्हता. मोरीतून कमळा म्हणाली, "शंभर ओ बाई. मी मोजले ना."

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागले. चार दिवस बर्फ व विश्रांती. नाइलाजाने वापरीत असलेली ती खुर्ची मला आणखी चार दिवस वापरावी लागली. त्या वेळी घरातील सर्वजण गॅलरीत जाऊन उभे राहत. नातू सम्यक पुस्तकासह. याहून अधिक लिहिणार नाही. (एवढेच लिहितो की, विहाराचे सेक्रेटरी भेटीस येणार म्हणून प्रितीने खुर्ची घासूनपुसून तिच्यावर चादर टाकली होती. ते तिच्यावरच बसले, दोन कप चहा घेतला आणि खुर्ची पाठीला फार चांगली आहे, कोठून आणली, अशी चौकशी केली.)

पाचव्या दिवसापासून मी दहाच केले. मग वॉकर आला. मॅडम गॅलरीत खडूने रेघ ओढीत, दर खेपेस तीन पावले पुढे. वाटेत शेजाऱ्यांची पिंपे, चपलांचे रॅक व एक सायकल. आमच्या चाळीत पिंप हलविण्यावरून दोन-दोन पिढ्यांचे अबोले आहेत. मॅडमनी दारोदार जाऊन एका दुपारीत सर्व हलविले. त्यांच्याकडे केवळ पायाचे काम असेल अशी माझी समजूत होती. परंतु वाट, शेजारी, वॉकरची उंची व माझा ताठा, हे सर्व त्यांच्याच खात्यात येते, असे दिसले.

रेघ टोकास पोहोचली त्या दिवशी, बरोबर निम्म्यावर, राधाकाकूंच्या दारात माझा पाय लटपटला. मी म्हणालो, परत फिरू. मॅडम म्हणाल्या, "फिरा. परत पण सोळाच आहेत."

मी पुढे गेलो. आता रोज सकाळी मी एकटा जातो, आतून कडी लावतो, व एकटा परत येतो. खुर्ची प्रितीने देऊन टाकली.

आक्कास जयभीम, मुलांस आशीर्वाद. कळावे,

आपला,
भिवा

ता. क. तुमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मुलीस तुम्ही तीनदा दारातून परत पाठविले, व "पोरीकडून चालायला शिकायला मी काय रांगतोय?" असे म्हणालात, हे आक्काने फोनवर रडत सांगितले. वाक्य चांगले आहे. मीही तसलेच तयार ठेवले होते. ती गुरुवारी पुन्हा येणार आहे. तिला आत घ्यावे. ती दहा म्हणेल तेव्हा दहाच करावे. पत्र त्याकरिताच लिहिले.

आणखी एक. वर "एकटा जातो" असे लिहिले, त्यात दुरुस्ती. मी निघालो की कमळाही रिकामी बादली घेऊन निघते व चार पावले मागे राहते. त्या वेळी नळाला पाणी नसते. मी अद्याप मागे वळून पाहिलेले नाही. मॅडमनी समोर बघून चालण्यास सांगितले आहे.